झाडाचा पंजा

माझ्या भावाला हिंदी येत नाही असं कोणी म्हटलं, तर तो जेवत्या ताटावरून उठतो. नरहरी पडोळे त्याचं नाव. जन्म रायपूरचा, शाळा रायपूरची, शिव्यासुद्धा रायपूरच्याच. घरातली भाषा तेवढी भंडाऱ्याकडची, कारण आमचे बाबा तिकडून येऊन इथे रेल्वेत लागले आणि इथलेच झाले. बूढ़ापाऱ्यात आमचं घर आहे. खाली नरहरी, त्याची बायको इंदू आणि मुलगा विशाल राहतात. वर मी, त्याची मोठी बहीण शांता. मी टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर झाले. सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून काढल्यामुळे माणूस काय बोलतो आणि समोरच्याला काय ऐकू जातं, यातला फरक मला जरा जास्त कळतो. नरहरीला तो कधीच कळला नाही. मोठ्यानं बोललं की बोलणं पोचलं, असा त्याचा हिशेब.

बाबांची फार इच्छा होती की यानंही रेल्वेत चिकटावं. हा चिकटला झाडांना. तारांवर आलेल्या फांद्या तोडणाऱ्या एका ठेकेदाराकडे आधी हजेरीवर जायचा, मग स्वतःच कामं घेऊ लागला. कोणाच्या अंगणातला वाळलेला कडुनिंब, कोणाच्या भिंतीत घुसलेला पिंपळ, वादळात आडवा झालेला गुलमोहर. स्कूटरच्या डिकीवर त्यानं पेंटरकडून रंगवून घेतलं होतं, 'पडोळे झाड़ कटाई'. रायपुरात आंब्याचंही झाड़ आणि वडाचंही झाड़च. 'पेड़' म्हणणारा इथे एक तर मास्तर असतो, नाही तर बाहेरून आलेला. त्यामुळे त्या अक्षरांना कधी कोणी हसलं नाही, आणि आपण मराठी बोलतोय की हिंदी, हे पाहायची वेळ नरहरीवर आली नाही.

त्याच्याबरोबर पहिल्या दिवसापासून भैय्यालाल होता. आरंगकडच्या एका खेड्यातला, अंगानं सडसडीत आणि खांद्यानं बैल. झाडावर चढणं नरहरीचं, तोडलेलं लाकूड खांद्यावर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत नेणं भैय्यालालचं. आमच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या अशा, की समोरून स्कूटर आली तर एकानं ओट्यावर चढावं. तिथे ट्रॅक्टर काय येणार! सगळं माणसाच्या खांद्यावरून. दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवत. भैय्यालालची पाण्यात भिजवलेल्या भाताची बासी आणि इंदूनं दिलेला ठेचा. नरहरी बोलायचा, तो 'हव भैया' म्हणायचा. मी म्हणायचे, अरे, तुझ्या बायकोनं तुला इतक्यांदा हो म्हटलं नसेल.

मग भैय्यालालचा खांदा गेला. एकदम नाही, आधी रात्री दुखायचा, मग दिवसा, मग हात डोक्यावर जाईना. हाडाच्या डॉक्टरनं सांगितलं, ओझं उचलणं बंद, नाही तर हात कायमचा लटकेल. त्याच्या पदरात एक पोर, घरी शेतीचा तुकडा नाही, आणि ओझं उचलण्याशिवाय दुसरं काही शिकलेला नाही. नरहरी त्याच्या घरी गेला तेव्हा मी बरोबर होते. भैय्यालालची बायको चुलीपाशी पाठमोरी बसली होती. नरहरी दारातूनच म्हणाला, "मशीन लेते हैं. उठाएगी मशीन, तू सिर्फ बताएगा. किधर धरना, किधर रखना. तेरा काम मेरे पास ही रहेगा."

सांगायला पाहिजे की त्या दिवशी मला माझ्या भावाचा अभिमान वाटला. दुसरा मालक असता तर दिवाळीचा डबा देऊन मोकळा झाला असता. घरी मात्र कुरबुर सुरू झाली. विशालला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीत देतो. तो म्हणाला, "पापा, नया आदमी रख लो ना, इतना झंझट क्यों?" इंदूनंही तीच री ओढली. नरहरीनं दोघांना गप्प केलं. "भैय्यालाल माह्या संगं सुरू झाला, माह्या संगंच बंद होईन. आता कोणी बोलायचं नाही."

नवा रायपूरकडे काम संपवून निघालेल्या एका ठेकेदाराचा छोटा लोडर त्याला जुना मिळाला. चारपाईएवढा रुंद, जागच्या जागी गर्रकन फिरणारा. समोर माती भरायची बकेट होती. पण बकेटीत झाडाचं खोड घेणं म्हणजे ताटलीत भोपळा घेऊन पळणं. झाडाच्या कामाला समोर पंजा लागतो, आणि पंजे दोन जातीचे असतात. एक रुंद, खाली कंगव्यासारखे दात आणि वरून दाबणारे दोन हात. तो काटेरी झुडपं, फांद्या, कचरा गोळा करतो. दुसरा अरुंद, दोन वाकड्या बोटांचा. तो एकच लाकूड कमरेत धरतो आणि सोडत नाही. थोडक्यात, एक गोळा करणारा, दुसरा धरणारा. नरहरीला धरणारा पाहिजे होता. हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांनी त्याला अडाणी ठरवला. अडाणी तो नव्हता.

कितीतरी दिवस आमच्या अंगणात पंजाशिवाय दुसरा विषय नव्हता. विशालच्या फोनवर व्हिडिओ पाहायचे, थांबवायचे, पुन्हा पाहायचे. नरहरीनं खडूनं फरशीवर दोन्ही पंजे खऱ्या मापाचे काढले आणि इंदू रोज ते पुसायची. गल्लीची रुंदी रश्शीनं मोजून आणली. रुंद पंजा आत जाणारच नव्हता. वजनाचाही विचार केला. "पंजाच जड असन, तर लोडर पंजा उचलन का लाकूड?" असं तो मला विचारायचा, जणू मी लोडर आहे. भैय्यालाल ओट्यावर बसून दोन्ही हातांचे तळवे वाकवून दाखवायचा, "अइसन, भैया. दूनो डहर ले." दोन्ही बाजूंनी, असं. म्हणजे निवड झाली होती. फक्त मागवायचं राहिलं होतं.

असा पंजा रायपुरात तयार मिळेना. हरियाणाकडच्या एका कंपनीचा नंबर विशालनं काढला आणि म्हणाला, "पापा, मैं बात कर लूँ?"

"काहून? मले बोलता येत नाही का? माहा जन्म गेला या गावात."

"नहीं, वो लोग अलग टाइप से बोलते हैं, इसलिए."

"अलग टाइप म्हणजे? हिंदीच बोलते ना? मंग?"

आणि फोन घेऊन तो गच्चीवर गेला. खाली आला तेव्हा मिशीतून हसत होता. "झालं. त्या पोट्ट्यानं फोटू पाठवतो म्हटलं, मी म्हटलं काही गरज नाही, आपण समजून राहिलो."

पंजा आला तेव्हा ट्रक आमच्या गल्लीत शिरेना. बूढ़ा तलावाच्या बाजूला रस्त्यावरच माल उतरवला. नरहरी हार घेऊन गेला होता, इंदूनं कुंकवाची वाटी घेतली होती. लाकडी खोक्याच्या फळ्या काढल्या आणि आतून तो निघाला. रुंद. खाली कंगव्यासारखे दात, वर दोन हात. गोळा करणारा.

नरहरीनं हार इंदूच्या हातात दिला आणि तिथूनच, रस्त्यावरून, कंपनीला फोन लावला. येणारे जाणारे थांबून ऐकू लागले, इतका तो ओरडला. चोर म्हणाला, चारसौबीस म्हणाला. पलीकडच्या माणसानं आवाज चढवला नाही. आमच्याकडे सगळे कॉल रेकॉर्ड होतात, तुम्हाला पाठवतो, तुम्हीच ऐका, एवढं म्हणाला.

ते रेकॉर्डिंग आम्ही सगळ्यांनी ओट्यावर बसून ऐकलं. विशालनं फोन मध्ये ठेवला. पहिला आवाज त्या माणसाचा, फार अदबीचा.

"सर, आपकी ज़रूरत झाड़ की है या लट्ठे की?"

"लट्ठा नहीं जी, हमारी कोई आरा मिल है क्या? झाड़ का काम है हमारा. झाड़ का."

"घने झाड़ हैं, सर?"

"एकदम घने. पूरा रायपुर घना है."

"जड़ समेत उठाने पड़ते हैं?"

"कभी-कभी जड़ समेत भी आता है."

"तो सर, मैं झाड़ वाला पंजा लिख रहा हूँ. पक्का?"

"पक्का. झाड़ वाला ही लिखो, दूसरा मत भेज देना."

माझी नोकरी जर चालू असती आणि ही तक्रार माझ्याकडे आली असती, तर मी लिहिलं असतं, लाइन साफ होती. दोघंही स्वच्छ बोलले होते आणि दोघंही खरं बोलले होते. त्या माणसाच्या गावात झाड़ म्हणजे झुडूप, काटेरी झुडपांचं रान. आणि लट्ठा म्हणजे खोड. आमच्या घरात झाड म्हणजे झाड. लट्ठा हा शब्द नरहरीनं आयुष्यभर ऐकला होता, पण लाकूड मिलमध्ये गेल्यावर त्याला लट्ठा म्हणायचं, उभं असताना नाही. फोनवरचा सेल्समन रायपूरचा असता तर समजला असता.

विशाल हसला. पोटातून, खरंखुरं हसला, आणि ते हसू त्यानं आवरायला पाहिजे होतं. "पापा, आपने झाड़ी वाला मँगा लिया! पेड़ बोलना था ना, पेड़!" इंदूही पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही असं नाही. पण मी नरहरीकडे पाहिलं. माणसाच्या तोंडावर कोणी थुंकावं तसा तो बसला होता. भैय्यालाल तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "काय होही भैया, बदल दिही. अगोर लेबो." बदलून देतील, वाट पाहू.

आणि कंपनी बदलून द्यायला तयारही होती. हा परत पाठवा, दुसरा दोनेक महिन्यांत येईल. तोपर्यंत मोठी कामं घ्यायची नाहीत, एवढंच होतं. भैय्यालाल घरी बसायला राजी होता. यात कोणाचं काय जात होतं? पण विशालनं ही गोष्ट मित्रांना सांगितली, मित्रांनी पानठेल्यावर, आणि तिथून ती सगळ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गेली. नरहरी गोल बाज़ारात रस्सा घ्यायला गेला तर दुकानदार म्हणाला, "भैया, झाड़ बाँधना है कि झाड़ी?" रस्सा न घेताच तो परत आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात. इथे तर सुंभ जळलाही नव्हता, नुसता धूर आला होता.

"हाच पंजा चालवतो," तो मला म्हणाला. "झाडच उचलून दाखवतो याच्यानं. मंग हसा म्हणा."

"अरे, धरणारा पाहिजे म्हणून तूच तर सांगून राहिला होता. आता हा धरन का?"

"तुले काय समजते त्यातलं, ताई? तू फोन जोडायची."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी दोन दिवस खाली उतरले नाही.

मे महिन्यात संध्याकाळचं अंधड़, धुळीचं वादळ, आलं आणि तेलीबांध्याकडच्या एका कॉलनीत म्हातारा सिरस, म्हणजे आपला शिरीष, फाटकावर आडवा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरीला बोलावणं आलं. मी तिथे नव्हते. जे सांगते आहे ते थोडं कॉलनीच्या चौकीदाराकडून, थोडं भैय्यालालकडून, आणि राहिलेलं नरहरीच्या स्वतःच्या तोंडून ऐकलेलं आहे.

फांद्या त्या पंजानं सुंदर उचलल्या. त्याचं कामच ते होतं. दातांत ढीगच्या ढीग घेऊन लोडर ट्रॉलीकडे जाई आणि गॅलरीतून लोक व्हिडिओ काढत. नरहरी फुलला. मग खोडाचे तुकडे उरले, ओले, गोल, जाडजूड. लोडरवर विशाल होता. चार दिवसांत शिकला होता, परवाना वगैरे काही नव्हता. खोड त्या रुंद दातांवर आडवं बसेना. एका हाताखाली दबे, दुसरा हात हवेतच राही, आणि जड टोक खाली झुके. दोनदा घसरून पडलं. तेव्हा थांबायचं होतं. नरहरीनं झुकणाऱ्या टोकाला रस्सा बांधला आणि भैय्यालालला म्हणाला, "तू बस रस्सा पकड़ के तोल सँभाल. वज़न मशीन पे है."

ज्याच्या खांद्यासाठी मशीन आणलं, त्याच्याच हातात रस्सा दिला. भैय्यालालनं 'हव भैया' म्हटलं आणि रस्सा धरला. धरणारा पंजा असता तर तिथे कोणाला उभं राहायची गरजच नव्हती. विशालनं लोडर फिरवला, खोड दातांवरून लोळलं, रश्शीनं भैय्यालालला पुढे ओढलं, आणि दुखऱ्या हातानं त्याला रस्सा वेळेवर सोडता आला नाही. खोड त्याच्या डाव्या पायावर पडलं. पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

दवाखान्यात मी डबा घेऊन गेले तेव्हा इंदू वऱ्हांड्यात नरहरीचा हात धरून उभी होती. "पोलीसवाला येऊन राहिला," ती म्हणत होती. "विशालचं नाव येऊ देऊ नका. लायसन नाही त्याच्यापाशी. पोट्ट्याची जिंदगी बरबाद होईन. त्याच्या खर्चाले तर नाही म्हटलं नाही ना आपण? सगळं करू त्याचं. पण विशालचं नाव नको." विशाल जिन्यात बसला होता, तोंड उतरलेलं. त्या पोराचाही मला राग येईना. नरहरी काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला वाटलं पश्चात्ताप असेल.

मग हवालदार आला आणि आम्ही सगळे भैय्यालालच्या खाटेभोवती उभे राहिलो. हवालदार म्हातारा होता, घाईतला, खुर्ची ओढून बसला. "हाँ, बताओ. लकड़ी कैसे गिरी? वहाँ क्या कर रहे थे तुम?"

भैय्यालालनं मान वळवून नरहरीकडे पाहिलं. मला तेव्हा रश्शीची गोष्ट माहीत नव्हती, पण ते पाहणं मला कळलं. एक्सचेंजमध्ये लाइन जोडल्यावर पलीकडून कोणी 'हॅलो' म्हणायची वाट पाहतात ना, तसं तो पाहत होता. नरहरी सलाइनच्या बाटलीकडे पाहत राहिला.

"मोर गलती हे, साहेब," भैय्यालाल म्हणाला. "मैं ह गलत जगा म खड़े रहेंव."

हवालदारानं लिहिलं आणि नरहरीकडे वळला. "आप मालिक हैं? यही हुआ था?"

"जी," माझा भाऊ म्हणाला. "यही हुआ था. मैंने मना भी किया था."

त्या दिवशी त्याची हिंदी अगदी शुद्ध होती. शब्द शब्दाच्या जागी, कोणालाही, कुठल्याही गावात समजेल अशी. पहिलं वाक्य तर कोणी त्याच्याकडून मागितलं होतं. दुसरं त्यानं आपल्या पदरचं घातलं. भैय्यालालनं डोळे मिटून घेतले. त्याची बायको पायथ्याशी उभी होती. तिनं चादर सारखी केली, जिथे पाय होता तिथेही आणि जिथे नव्हता तिथेही.

जिन्यावरून उतरताना मी विचारलं, "त्यानं आपली गलती आहे म्हटलं, ते काहून? काय झालं तिथं?" तेव्हा नरहरीनं भिंतीला टेकून सगळं सांगितलं. रस्सा कोणी बांधला, कोणी दिला, खोड आधी दोनदा कसं पडलं. एका दमात सांगितलं आणि वर म्हणाला, "आता तू भाषण देऊ नको."

मी भाषण दिलं नाही. मी म्हटलं, "वर जा आणि त्याच्या तोंडावर सांग की गलती माही होती. पोलिसाले नको सांगू, त्याले सांग. एवढंच सांग." तो स्कूटरकडे गेला. स्कूटर सुरू झाली. मी दवाखान्यातून ऑटोनं घरी आले आणि त्याच्या हातचं पाणी पिणं सोडलं. माझ्या पाणी न पिण्यानं कोणाचं काय अडतं? पण माझ्याकडे तेवढंच होतं.

खर्च त्यानं केला, हे खोटं नाही. दवाखाना, औषधं, नंतर लाकडी कुबड्या, सगळं विशालच्या हातून गेलं. स्वतः एकदाही गेला नाही. आधी म्हणायचा कामाची गर्दी आहे, मग म्हणायचा आता काय तोंड घेऊन जाऊ, आणि शेवटी शेवटी म्हणू लागला की भैय्यालालच बेसावध उभा होता, मी म्हटलंच होतं त्याला. हे तो इतक्या जणांना इतक्या वेळा सांगत गेला की मला वाटतं, त्याचं त्यालाच खरं वाटू लागलं आहे. मोठ्यानं बोललेलं त्याच्या स्वतःच्या कानात तरी नक्की पोचतं.

तो पंजा परत गेलाच नाही. विशालनं नवा रायपूरच्या रस्त्यावर प्लॉट साफ करायची कामं धरली. तिथे झुडपंच झुडपं, मैलोगणती बाभळी आणि बेशरम. पंजा जन्मला होता त्याच कामाला लागला आणि धंदा असा उचलला की विचारू नका. आता त्याच्याकडे दोन लोडर आहेत आणि तो 'पडोळे लँड क्लिअरिंग' झाला आहे. जुनी माणसं त्याला लागत नाहीत. नरहरी घरी बसतो, टीव्ही पाहतो, टीव्हीवाल्यांशी भांडतो. लोक म्हणतात नशीबवान बाप आहे. असेलही.

गेल्या माघात एका दुपारी दारात कुबड्यांचा आवाज आला. मी खाली इंदूजवळ मटार सोलत बसले होते. नरहरी आतल्या खोलीत टीव्हीपुढे होता. बाहेरून हाक आली, "भैया घर म हे का?"

इंदूनं आत पाहिलं. मीही पाहिलं. नरहरीनं हात हलवला, नाही म्हण. त्याच्या चपला दारातच होत्या, भैय्यालालच्या समोर.

"नहीं हैं, बाहर गए हैं," इंदू म्हणाली.

भैय्यालालनं चपलांकडे पाहिलं आणि मग इंदूकडे पाहिलं नाही. मी उठून दाराशी गेले. तो वाळला होता, पण दाढी केलेली, धुतलेला पांढरा सदरा. एक कुबडी काखेत दाबून त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि दातांनी गाठ सोडली. आत हळदीचे तांदूळ होते. इकडे लग्नाचं बोलावणं असं पिवळे तांदूळ हातात देऊन करतात, आपल्याकडे अक्षत देतात तसं. आणि ते घरच्या कर्त्याच्या हातात द्यायचे असतात. त्यानं ते माझ्या ओंजळीत घातले.

"नोनी के बिहाव हे, दीदी. भैया ल कहि देबे. पहिली नेवता इहें लाने हँव."

पोरीचं लग्न आहे, पहिलं बोलावणं इथेच आणलंय. मी त्याला बस म्हटलं, चहा घे म्हटलं. तो म्हणाला, ऑटो थांबलाय, आणखी गावं आहेत. पायरी उतरताना मी हात पुढे केला, पण त्याला त्याची गरज लागली नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत तो एकटा गेला.

मी आत आले. नरहरीनं टीव्हीचा आवाज कमी केला होता.

"गेला का?"

"गेला."

"पैसे मागायले आला असन. विशालकडे जा म्हणायचं होतं."

मी मूठ त्याच्यापुढे उघडली. पिवळे तांदूळ पाहून त्याला सगळं कळलं; रायपुरात जन्म गेलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. तो माझ्या तळहाताकडे पाहत राहिला. मला वाटलं आता रडेल, आणि खोटं कशाला सांगू, रडावं असंच वाटत होतं. त्यानं तांदळाला हात लावला नाही. रिमोट उचलला.

"विशालले पाठवून देऊ," तो म्हणाला.